राष्ट्रीय दुखवटा, भडक भाषणं आणि पुढाऱ्याच्या मृत्यूनंतरचे पहिले काही तास

पेठकर:
काल ३० जानेवारी. अकराचा भोंगा ऐकला आणि १९४८ ची आठवण निघाली, म्हणून हा धागा. हळहळ नको, पुढारी मारला गेला की नेमकं काय होतं ते लिहा. गांधीजींवर गोळ्या संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी झाडल्या. बाहेर लगेच आवई, मुसलमानाने मारलं. रेडिओने बातमीतच मारेकरी हिंदू असल्याचं सांगून टाकलं. फाळणीनंतरच्या त्या दिल्लीत हे वाक्य कर्फ्यूपेक्षा जास्त कामाचं होतं. नेहरू आणि पटेल दोघंही त्याच रात्री रेडिओवर बोलले.

कर्वेरोड_काकू:
आणि आपल्याकडे? मारेकरी ब्राह्मण आहे हे कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर, सगळीकडे ब्राह्मणांच्या घरांवर जमाव. कोल्हापुरात चित्रपट दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला. मुंबईत वि. दा. सावरकरांचे धाकटे भाऊ डॉ. नारायणराव सावरकरांना दगडांनी जबर जखमी केलं. मारेकरी अमक्यांतला नाही, एवढं सांगून भागत नाही. ज्यांच्यातला आहे त्यांच्या दारात त्याच रात्री पोलीस हवेत. कुकर झाला, येते.

ढोलताशा_७:
+१. ८४ राहिलं. इंदिरा गांधींवर गोळ्या ३१ ऑक्टोबरला सकाळी, अंत्यसंस्कार ३ नोव्हेंबरला. अंत्यदर्शनाच्या प्रक्षेपणात ‘खून का बदला खून’ घरोघरी ऐकू गेलं. दिल्लीतल्या शीखविरोधी दंगलीतले बळी सरकारी हिशेबाने २,७३३. राजीव गांधींचं मोठं झाड पडलं की जमीन हादरते हे वाक्य १९ नोव्हेंबरचं, बोट क्लबवरचं. म्हणजे तेव्हा अडीच आठवडे उलटले होते. शोकाच्या भरात गेलं असं म्हणायला जागा नाही.

झेंडेवाला:
धाग्यात हेही असू दे, दरवेळी चुकतं. झेंडा अर्ध्यावर म्हणजे खालून थेट अर्ध्यापर्यंत नाही. आधी पार वर न्यायचा, क्षणभर थांबायचं, मग अर्ध्यावर. संध्याकाळी उतरवतानाही पुन्हा टोकाला नेऊन मगच खाली. दोरीची गाठ कप्पीत अडकली की सगळे वर बघत उभे, म्हणून कप्पी आदल्या दिवशीच फिरवून बघा. राष्ट्रपती, उपराष्ट्रपती, पंतप्रधान गेले तर देशभर. मुख्यमंत्री किंवा राज्यपाल गेले तर त्या राज्यात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबरला खाली घेत नाहीत, पार्थिव असलेली इमारत तेवढी वगळून. पार्थिवावर झेंडा घालताना केशरी पट्टा डोक्याकडे. चितेआधी काढून घ्यायचा.

मिसळ_कमी_तर्री:
बाकी कुणाला सुट्टीचं विचारायचंय का? मीच विचारतो 😀

झेंडेवाला:
दुखवटा म्हणजे सुट्टी नव्हे. १९९७ च्या आदेशाप्रमाणे केंद्राची सुट्टी पदावर असलेले राष्ट्रपती किंवा पंतप्रधान गेले तरच. माजी राष्ट्रपती कलामांना २०१५ मध्ये सात दिवस दुखवटा होता, कचेऱ्या चालू.

मिसळ_कमी_तर्री:
गेली सुट्टी.

पेठकर:
अवांतर: भडक लिखाण म्हटलं की पुण्यात १८९७ निघणारच. २२ जूनला गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी, ६ जुलैच्या टिळकांच्या केसरीत ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’. पण टिळकांना राजद्रोहाची दीड वर्षाची शिक्षा झाली ती खुनाआधीच्या, जूनमधल्या शिवाजी उत्सवाच्या मजकुरावर.

वकीलसाहेब_नाहीत:
आता राजद्रोह नाही, भारतीय न्याय संहिता: गटागटांत तेढ कलम १९६, अफवा-चिथावणी कलम ३५३. सोसायटीच्या ग्रुपवर असलं काही आलं तर पुढे ढकलू नका, निषेध म्हणूनही नाही. पुढे ढकलणाराही पसरवणाराच ठरतो. नंबर, तारीख, वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या, मूळ मेसेज पुसू नका आणि पोलीस ठाण्यात द्या. जमाव समोर असेल तर सरळ ११२. ॲडमिनला उगाच घाबरवू नका. दुसऱ्याच्या मेसेजला तो आपोआप जबाबदार नाही, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितलंय.

कर्वेरोड_काकू:
आले. आमच्या ग्रुपचा ॲडमिन पार्किंगवरूनच लोकांना काढतो, त्याला कुठलं कलम?