मदत हवी आहे: ऱ्हाईनच्या घळीतले किल्ले, दोन दिवस, सोबत गडवेडे बाबा

मंडळी,

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आईबाबा आमच्याकडे फ्रँकफर्टला येतायत. बाबांनी उमेदीत सह्याद्रीतले गड पालथे घातलेत. आता गुडघे कुरकुरतात, हौस मात्र तसूभरही कमी नाही. त्यांना बिंगेन ते कोब्लेन्झ हा ऱ्हाईनचा टप्पा दाखवायचाय. साधारण ६५ किलोमीटर, २००२ पासून जागतिक वारसा यादीत. हाताशी फक्त शनिवार-रविवार, आणि सगळी मदार रेल्वे आणि बोटीवर.

गोची अशी की बाबांना नटवलेले किल्ले नकोत. राइनश्टाइनचे फोटो दाखवले तर म्हणाले, "हा बंगला झाला, किल्ला कुठाय?" (प्रशियाच्या राजपुत्राने १८२०च्या दशकात पडझडीतून तो पुन्हा उभारला, त्यामुळे त्यांचं अगदीच चूक नाही.) त्यांना तट, बुरूज, भुयारं हवीत. म्हणून पहिला मान सांक्ट गोआरच्या राइनफेल्सला. १२४५ चा किल्ला. १६९२ मध्ये फ्रेंचांनी वेढा घातला तरी पडला नाही, आणि १७९४ मध्ये न लढताच त्यांच्या हाती गेला. मग त्यांनीच तो सुरुंगांनी उडवला. हे ऐकल्यापासून बाबांचं एकच, "किल्लेदार कोण होता?"

तर, राइनफेल्सची भुयारं हल्ली बघू देतात का? ब्राउबाखच्या मार्क्सबुर्ग किल्ल्याची चढण गुडघ्यांना झेपेल का? आणि या पट्ट्यात नदीवर पूलच नाही म्हणतात, मग दोन्ही काठ कसे जुळवायचे?

प्रतिसाद:

पूल नाही हे खरंच, पण फेरीबोटी आहेत. सांक्ट गोआरहून पलीकडे सांक्ट गोआर्सहाउझेनला गाड्यांसकट माणसं नेतात, काही मिनिटांचं काम. रेल्वे दोन्ही काठांनी धावते.

शनिवारी बाखाराखपर्यंत रेल्वेने जा, तिथून सांक्ट गोआरपर्यंत बोट घ्या. ही दिशा प्रवाहासोबतची, उलट यायला बराच जास्त वेळ लागतो. वाटेत काउबसमोर नदीच्या मधोमध फाल्त्सग्राफेनश्टाइन किल्ला लागेल. तो जकातीसाठी बांधलेला, पुराच्या पाण्यासमोर टोकदार नाक काढून उभा. मग लोरेलायचा कडा. त्याच्या पुढचा काट्स किल्ला खाजगी आहे, आत सोडत नाहीत, खालूनच बघा.

राइनफेल्सला वर जायला चढ आहे, आईंना टॅक्सी करून द्या. भुयारांचं मात्र आदल्या दिवशी फोन करूनच विचारा, आणि विजेरी न्या.

रविवार मार्क्सबुर्गला. या घळीतला हा एकच डोंगरी किल्ला कधी उद्ध्वस्त झाला नाही, त्यामुळे बाबा खूश होतील. आत फक्त वाटाड्यासोबतच जाता येतं, इंग्रजी फेऱ्या मोजक्या. ब्राउबाख स्टेशनपासून चढण आहेच, पण खरी परीक्षा आत. दरवाज्यानंतरची पायवाट कातळातच खोदलेली, पायऱ्या ओबडधोबड, पाऊस असेल तर निसरड्या. काठी आणि बूट, दोन्ही हवेत. उतरताना बाबांना पुढे चालू देऊ नका.