मार्चमध्ये मोले की खोतीगाव? जनावरं नक्की कुठे दिसतील?

फोंडेकर७
नमस्कार मंडळी. मार्चच्या मध्यावर शनिवार-रविवार गोव्यातल्या मोल्याच्या रानात जायचा विचार आहे. बरोबर आई (वय ६८, गुडघ्यांचा त्रास) आणि दहा वर्षांची मुलगी, गाडी स्वतःची. दूधसागर धबधब्याच्या जीपमधून जाताना जनावरं दिसतात का? की सरळ काणकोणकडच्या खोतीगाव अभयारण्यातल्या मचाणावर जावं? दुर्बीण कुठली घ्यावी? आणि गोचिडींबद्दल जे ऐकतो ते कितपत खरं?

रानवाट
जीप धबधब्यासाठी घ्या, जनावरांसाठी नको. कुळ्याहून गाड्या एकामागून एक सुटतात आणि ओढ्यांतून इंजिन रेटत जातात. त्या आवाजात गवा रस्त्याकडेला उभा राहील ही आशा सोडा. धबधब्याजवळची माकडं तेवढी दिसतील, तीही तुमच्या हातातल्या पिशवीसाठी.

मोले राष्ट्रीय उद्यान १०७ चौ. किमी, आजूबाजूचं भगवान महावीर अभयारण्य धरून सुमारे २४०. क्षेत्र मोठं, पण रान दाट. ताडोबासारखी मोकळी कुरणं नाहीत, त्यामुळे वीस-पंचवीस पावलांवर उभं असलेलं सांबरही झाडीत हरवतं. इथे एका जागी बसायचं आणि कान उघडे ठेवायचे. सकाळी उजाडल्यापासून साडेआठपर्यंत आणि दुपारी चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात गवे सावलीत रवंथ करत बसतात. पहाटे आत जायचं तर आदल्या दिवशीच मोल्याच्या वनखात्याच्या कार्यालयात विचारून ठेवा, आयत्या वेळी फाटकावर हुज्जत घालून उपयोग नसतो.

आईंसाठी मोल्याजवळचं तांबडी सुर्ला बरं. तिथल्या जुन्या मंदिराजवळ गाडी जाते, शेजारी ओढा आहे, बसायला सावली. शेकरू (झाडावरची मोठी खार) आणि धनेश (हॉर्नबिल) बघायला तिथली सकाळ चांगली. शेकरूसाठी खाली शोधू नका: उंच फांद्यांच्या बेचक्यात काटक्या-पानांचं गोल घरटं दिसलं की तिथे थांबा. एकेका शेकरूची अशी अनेक घरटी असतात, म्हणून रिकामं निघालं तर आसपासची झाडं बघा. उंबर किंवा वड फळला असेल तर दुसरीकडे भटकू नका, धनेश त्याच झाडावर पुन्हा पुन्हा येतात.

काणकोणचो
मार्च असेल तर माझं मत खोतीगावला. कारण पाणी. नोव्हेंबर-डिसेंबरात प्रत्येक ओहोळ वाहता असतो, जनावराला पाणवठ्यावर यायची गरजच नसते. लोक तेव्हा मचाणावर तासन्तास बसतात आणि ‘इथे काही नाही’ म्हणून परततात. मार्च-एप्रिलमध्ये ओहोळ आटले की तेच पाणवठे जागते होतात. गवा, सांबर, चितळ, रानडुक्कर यांची शक्यता खरी. बिबट्या, कोळसून (रानकुत्रा) नशिबावर. वाघाचं मुलीला कबूल करू नका.

मचाण सुमारे २५ मीटर उंच झाडावर आहे, चढण शिडीची. आईंना ते झेपणारं नाही; फाटकाजवळच्या निसर्ग परिचय केंद्रात त्यांना बसता येईल. मुलीच्या मागोमाग एका मोठ्या माणसाने चढावं. चारच्या आधी वर जाऊन बसा. पाठीवरचा वारा पाणवठ्याकडे जात असेल तर तुमचा वास तुमच्या आधी पोचतो आणि मग काही येत नाही. अत्तर, कुरकुरीत खाऊची पाकिटं, झगझगीत पांढरे कपडे घरी ठेवा. फोन मुका आणि पडद्याचा उजेड बंद.

एकटा गवा-बैल वाटेत उभा दिसला तर गाडीतून उतरू नका. कळपापेक्षा एकटा जास्त चिडका. अंग आडवं करून आपली रुंदी दाखवायला लागला म्हणजे तो ‘मागे हो’ सांगतोय. हॉर्न न वाजवता सावकाश मागे घ्या. मोठा नर हजार किलोपर्यंत भरतो, बंपर त्याच्यासाठी काहीच नाही.

सत्तरीवाला
गोचिडींचं खरं आहे. त्यांच्या चाव्याने होणारा माकडताप सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माहीत आहे आणि त्याचा हंगाम साधारण डिसेंबर ते मे, म्हणजे तुमचा मार्च त्यातच. चावते ती बहुधा तिळाएवढी पिल्लावस्था, म्हणून लक्षात येत नाही.

फिकट रंगाची पूर्ण पँट, तिची टोकं मोज्यांत खोचलेली, मोज्यांवर आणि बुटांवर डीटचं (किडे दूर ठेवणारं औषध) मलम किंवा फवारा. पालापाचोळ्यावर थेट बसू नका, प्लॅस्टिकची चटई न्या. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जाऊ नका: शरीर थंड पडलं की गोचिडी ते सोडून आसपासच्या पाल्यात पसरतात. वनरक्षकाला कळवा.

घरी आल्याबरोबर कपडे गरम पाण्यात, साबणाने आंघोळ, मग गुडघ्यामागे, कमरपट्ट्याखाली, काखेत, मानेवरच्या केसांत तपासा. चिकटलेली असेल तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, चुना, पेटती उदबत्ती यांतलं काहीही नको. चिडलेली गोचीड उलट लाळ सोडते. पुढच्या आठवडाभरात एकदम जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आधी सांगा.

फोंडेकर७
आभार. मग शनिवारी सकाळी तांबडी सुर्ला, रविवारी दुपारी मुलीला घेऊन खोतीगाव. दुर्बिणीचं राहिलं. दुकानदार १०×५० घ्या म्हणतो.

रानवाट
नको. दहापटीला हात थरथरतो तोही दहापट, आणि दृश्य अरुंद झाल्याने फांद्यांत शेकरू सापडेपर्यंत ते दुसऱ्या झाडावर गेलेलं असतं. ८×४२ घ्या, संध्याकाळच्या रानातल्या उजेडाला ४२ मिमीची भिंगं पुरतात. मुलीला ८×३० हलकी पडेल, पण तिच्या डोळ्यांतलं अंतर कमी, तेव्हा दोन्ही नळ्या पुरेशा जवळ येतात का ते दुकानातच बघा. दोन वर्तुळं दिसली तर ती दुर्बीण तिच्यासाठी नाही. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्याचं नीट करायचं, मग डावा मिटून उजव्या नळीवरच्या कड्याने. चष्मा असेल तर डोळ्यांवरचे रबरी कप खाली दुमडायचे. हे सगळं घरीच करून बघा, मचाणावर तेवढा वेळ मिळत नाही.

काणकोणचो
रविवारी फोंड्याहून दोन तास धरा, करमल घाटात ट्रकमागे अडकलात तर जास्त. पेट्रोल, पाणी, खाणं काणकोणच्या चावडी गावातच घ्या, पुढे आत मिळेल असं समजून जाऊ नका. मुलीला काहीच दिसलं नाही आणि ती रुसली तर बोंडला तुम्हाला जवळ आहे, तिथल्या प्राणिसंग्रहालयात गवा दिसेल. गुरुवारी मात्र बंद.