बारावी कॉमर्सनंतर स्पोर्ट्स मॅनेजमेंट: डिग्री घ्यावी की बीकॉम करून मोकळं व्हावं?

शियाबाग_मामा
मंडळी, बडोदेकरांनी जरा डोकं लावा. भाची बारावी कॉमर्सला आहे, खोखो खेळते, स्टेटपर्यंत गेली, पण गुडघ्याने दगा दिलाय आणि खेळाडू म्हणून पुढे काही होणार नाही हे तिचं तिलाच कळलंय. आता म्हणते बीबीए स्पोर्ट्स मॅनेजमेंट करायचं. प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, वर्षाला दोन-अडीच लाख, होस्टेल वेगळं. ताई म्हणते एमएसला, आपल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत, बीकॉम कर गपचूप. भाऊजी गप्प आहेत, म्हणजे हिशोब चाललाय. ब्रोशरमध्ये विषय दिलेत ते असे: स्पोर्ट्स मार्केटिंग, इव्हेंट, स्पोर्ट्स लॉ, फॅसिलिटी मॅनेजमेंट, आणि रिक्रिएशन म्हणून एक वेगळा भाग, त्यात स्विमिंग पूल, बागा, क्लब, वॉटर पार्क असल्या जागा चालवायच्या कशा ते. मला बरं वाटतंय, पण मी पडलो एलआयसीवाला. बोला.

रोकडा_हिशोब
मामा, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तीन वर्षांचे होस्टेल धरून आठ-दहा लाख होतात. समोर काय आहे? आयपीएलच्या २०२३ ते २०२७ च्या मीडिया राइट्सचे ४८,३९० कोटी आले, असले आकडे दाखवून पोरांना भुलवतात. तो पैसा बोर्डाला जातो, फ्रँचायझीला जातो, खेळाडूंना जातो. फ्रँचायझीच्या ऑफिसात बारा महिने बसणारी माणसं मूठभर, बाकी सगळं सीझनपुरतं, गळ्यात पास लटकवून दोन महिने मिरवायचं आणि जूनमध्ये घरी. बीकॉम करू द्या, सोबत टॅली-जीएसटी, नोकरी लागली की संध्याकाळी खोखोचं कोचिंग करू दे ने हौसेला. खेळाचं मॅनेजमेंट शिकायला डिग्री कशाला हवी मला आजवर कोणी सांगू शकलं नाही.

क्लोरीन_काका
मी सांगतो. मी एका पूलवर ऑपरेटर आहे, कुठल्या ते विचारू नका. पहाटे साडेपाचला पहिली बॅच यायच्या आधी पाण्याचं सॅम्पल घेतो, दोन नळ्या असतात, एकीत थेंब टाकले की पिवळं होतं तो क्लोरीन, दुसरीत लालसर होतं तो पीएच, म्हणजे पाणी आम्ल आहे की अल्कली ते. पीएच ७.२ ते ७.८ च्या मध्ये पाहिजे, क्लोरीन एक ते तीन पीपीएम. पीएच वर गेला तर कितीही क्लोरीन ओता, काम करत नाही, आणि लोकांचे डोळे चुरचुरले की बोंब काय, तर "काका तुम्ही औषध जास्त टाकलं". अहो तो उग्र वास जास्त क्लोरीनचा नसतो, घाम आणि मुतात मिसळून क्लोरीन वापरला गेला की तो वास येतो, म्हणजे बऱ्याचदा तेव्हा अजून टाकायला पाहिजे असतो! हे मला कोणी शिकवलं नाही, जुन्या ऑपरेटरची बोलणी खाऊन शिकलो. आमचे मॅनेजर साहेब पाणी निळं दिसलं की खूश. पाणी कसं बघायचं माहितीये? खोल बाजूला काठावर उभं राहून तळाची जाळी स्पष्ट दिसते का बघायचं, नाही दिसली तर पूल बंद, कारण तळाशी गेलेलं पोरगंही दिसणार नाही. असल्या साहेबाच्या जागी तुमची भाची आली आणि तिला एवढं जरी कळत असलं तरी मी तिला सलाम करीन.

रोकडा_हिशोब
काका, तुम्ही माझाच मुद्दा मांडला की. तुम्ही डिग्रीशिवाय शिकलात. आणि साहेबांना येत नाही तरी साहेब खुर्चीवर आहेत.

मांजलपूरची_मीनल
खुर्चीवर आहेत हाच तर प्रॉब्लेम आहे. आपल्या बडोद्यातला हरणी तलाव विसरलात का सगळे? १८ जानेवारी २०२४. शाळेची सहल, बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त जण बसवलेले आणि सगळ्यांना लाइफ जॅकेटही नव्हती. ते काय होतं? बोटिंग, खाणंपिणं, मुलांची मजा, म्हणजे शंभर टक्के रिक्रिएशन फॅसिलिटी. चार महिन्यांनी २५ मे ला राजकोटचा गेम झोन जळाला, २७ माणसं गेली, फायरची एनओसीच नव्हती. ४ जून २०२५ ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या बाहेर चेंगराचेंगरीत ११ गेले, तिथे तर मॅचसुद्धा नव्हती, जिंकल्याचा जल्लोष होता. आपण मुलांना ज्या जागी मजा करायला पाठवतो त्या जागा चालवणाऱ्याला काही यायला पाहिजे की नको? केस कापायला आपण शिकलेला माणूस बघतो आणि बोटीत पोरं बसवायला कोणीही चालतो.

रोकडा_हिशोब
मीनलताई, हरणीचं दुःख सगळ्यांना आहे, माझ्या ओळखीतलं घर आहे त्यात. पण डिग्रीवाला नव्हता म्हणून झालं का ते? बोटीत किती बसवायचे हे मोजायला बीबीए लागत नाही. लोभ होता आणि बघणारा डोळे मिटून होता. उद्या तिथे तुमची मॅनेजमेंटवाली मुलगी असती आणि मालक म्हणाला असता, अजून दहा बसव, रांग मोठी आहे, तर बावीस वर्षांची पोर काय करणार होती? नोकरी सोडणार होती?

मांजलपूरची_मीनल
निदान लेखी देणार होती की इतके बसवू नका. आणि कागदावर असलं की मालक दोनदा विचार करतो.

रोकडा_हिशोब
आपल्याकडे? 😄

न्यूजर्सीचा_बडोदेकर
मी इथे ट्रेंटनच्या बाजूला राहतो, लहानपण दांडिया बाजारात. अमेरिकेत हा विषय जुना आहे. ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल टीमचा मालक वॉल्टर ओमॅली, त्याने एका प्रोफेसरला विचारलं की बॉलपार्क चालवायला, तिकिटं-हिशोब-गर्दी बघायला शिकलेली माणसं कुठून आणायची, त्यातून ओहायो युनिव्हर्सिटीत १९६६ साली पहिला मास्टर्सचा कोर्स निघाला. म्हणजे मागणी मालकाकडून आली, मग कोर्स. आपल्याकडे कोर्स आधी आला आणि मागणी कुठे आहे ते पोरं शोधतायत, हा फरक लक्षात घ्या. दुसरं म्हणजे इथे गावागावाला रिक्रिएशन डिपार्टमेंट असतं, मैदानं, पूल, समर कॅम्प, म्हाताऱ्यांचे व्यायाम वर्ग सगळं त्यांच्याकडे, बजेट असतं, डायरेक्टर असतो, आणि त्या नोकरीला हीच डिग्री मागतात. लाइफगार्डला शिकवतात की दहा सेकंदांत सगळ्या पाण्यावरून नजर फिरली पाहिजे आणि वीस सेकंदांत बुडणाऱ्यापर्यंत पोचलं पाहिजे, कारण बुडणारं मूल ओरडत नाही, गप बुडतं. माझ्या मुलाने हा उन्हाळी जॉब केला, फोन खिशात ठेवायची पण परवानगी नाही.
मामा, भाचीला पाठवा, पण कॉलेजला विचारा की मागच्या बॅचची पोरं नक्की कुठे आहेत. नाव, जागा, हुद्दा. "लीडिंग ब्रँड्स" असं उत्तर आलं तर उठून या.

निवृत्त_पीटी_सर
सर्वांस नमस्कार. वाचून गंमत वाटली, जणू बडोद्याला हा विषय नवीन आहे. याच गावात जुम्मादादांचा आखाडा, तो पुढे प्रो. माणिकरावांनी चालवला, तिथे मल्लखांब, लाठी, कुस्ती तर होतीच पण हाडं बसवून मिळायची आणि सांघिक कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत तिथे बसवले गेले. व्यायामावर दहा खंडांचा मराठी कोश बडोद्यातून निघाला. तो काय मॅनेजमेंटशिवाय निघाला? आणि रणजीची १९४६-४७ ची फायनल, बडोद्यातच, समोर होळकर, हजारे आणि गुल मोहम्मद ५७७ ची भागीदारी! ते दोघे सगळ्यांच्या तोंडावर आहेत, पण ज्याने ती विकेट तयार केली, रोलर फिरवला, पाणी कधी थांबवायचं ठरवलं त्या माळ्याचं नाव कोणाला ठाऊक आहे का?

शेवउसळ_जादा_तर्री
सर, मुद्द्यावर या ने 🙏

निवृत्त_पीटी_सर
येतो आहे बाळा. मुद्दा हा की खेळ उभा राहतो तो न दिसणाऱ्या माणसांवर, आणि त्या कामाला मान नाही म्हणून शिक्षण नाही. मी डिग्रीच्या विरोधात नाही, दोन-अडीच लाखांच्या विरोधात आहे. सरकारी पर्याय बघा. आपल्याच जिल्ह्यात देसरला स्वर्णिम गुजरात स्पोर्ट्स युनिव्हर्सिटी आहे, ग्वाल्हेरला लक्ष्मीबाईंच्या नावाची शारीरिक शिक्षणाची संस्था १९५७ पासून आहे. तिथे कोणते कोर्स चालू आहेत, कॉमर्सवाल्यांना घेतात का, फी काय, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. ब्रोशरवर गुळगुळीत कागद वापरला की फी वाढते, हा माझा नोकरीतला अनुभव.

कोटंबी_गेट_चार
आता मी बोलू का, कारण इथे मी एकट्यानेच ही डिग्री केलीये असं दिसतंय. कॉलेजचं नाव घेणार नाही. पहिलं वर्ष सगळं बीबीएवाल्यांसारखंच, अकाउंट्स, इको, फक्त उदाहरणात साबणाऐवजी क्रिकेट. फॅसिलिटी मॅनेजमेंट शिकवणाऱ्या सरांनी स्वतः कधी ग्राउंड चालवलेलं नव्हतं, पीपीटी वाचायचे. स्वयंपाकाचं पुस्तक वाचून पोळी गोल होत नाही ना, तसं. इंटर्नशिप म्हणजे पाण्याच्या बाटल्या मोजा आणि व्हीआयपीला सोफ्यापर्यंत सोडा, पैसे शून्य, जेवणाचं कूपन.
पण. डिसेंबर २०२४ ला बडोद्याजवळच्या कोटंबी स्टेडियमला भारत-वेस्ट इंडिज बायकांच्या वनडे झाल्या, मग फेब्रुवारीत डब्ल्यूपीएल, म्हणजे बायकांची आयपीएल, आली, तेव्हा मी एका व्हेंडरकडे गेटवर होतो. आणि तिथे कळलं की शिकलेलं कुठे लागतं. मॅच सुटल्यावर सगळे एकाच गेटकडे येतात कारण रिक्षा त्या बाजूला, नकाशात दुसरं गेट जवळ असलं तरी. आमच्या सिनियरने बॅरिकेड सरळ न लावता नागमोडी लावायला लावलं, मला वाटलं कशाला उगीच लोकांना फिरवायचं, पण त्याने मागचा धक्का पुढच्यापर्यंत पोचत नाही. हे क्राउड मॅनेजमेंटच्या चॅप्टरमध्ये होतं! परीक्षेत लिहिलं होतं मी! समजलं तेव्हा, त्या गेटवर. तर डिग्री फुकट गेली असं म्हणवत नाही आणि पैसे वसूल झाले असंही म्हणवत नाही. सध्या एका टर्फवाल्याकडे, म्हणजे नकली गवताचं मैदान तासावर भाड्याने देतात तिथे, आहे, बुकिंग, मेंटेनन्स, स्टाफ सगळं बघतो, पगार बीकॉमवाल्या मित्रापेक्षा कमी, सुट्टी रविवारी नाही कारण रविवारीच धंदा. घरी लग्नाचं बघतायत तर मुलीकडचे विचारतात मुलगा "टर्फवर" म्हणजे नक्की काय करतो. 😑

रोकडा_हिशोब
धन्यवाद भावा, मी इतका वेळ हेच सांगत होतो.

मांजलपूरची_मीनल
काय हेच? त्याने पूर्ण उलटं सांगितलं! वाचलंत का नीट? आणि २०३० चं विसरताय, कॉमनवेल्थ गेम्स अमदावादला होणार आहेत. भाची तेव्हा पास होऊन बाहेर असेल. २०२२ च्या नॅशनल गेम्सला जिम्नॅस्टिक्स आपल्याकडे होतं, तेव्हा लोकल पोरांना कामं मिळालीच की.

रोकडा_हिशोब
मिळाली, पंधरा दिवसांची. ताई, गेम्स येतात आणि जातात, दिल्लीला २०१० ला झालेच होते. स्टेडियम बांधणाऱ्याला पैसे मिळतात, चालवणाऱ्याला टेंडर. आणि खरी मेख टेंडरमध्येच आहे, त्यावर कोणी बोलत नाहीये. पूल, तलाव, गार्डन, गेम झोन कंत्राटावर देताना अट काय असते? अनामत रक्कम, टर्नओव्हर, सर्वांत वरचा भाव कोणाचा. साइटवर शिकलेला मॅनेजर पाहिजे, नाहीतर फॉर्म बाद, असं असतं तर मी स्वतः म्हणालो असतो करा डिग्री. जोवर मागणारा मागत नाही तोवर पोरीच्या बापाने आठ लाख कशाला घालायचे समाज सुधारायला?

न्यूजर्सीचा_बडोदेकर
हे मात्र बरोबर. इथेही बऱ्याच ठिकाणी पूलला सर्टिफाइड ऑपरेटर लागतो, नसेल तर परवाना नाही, म्हणून तर लोक शिकतात. कॉर्पोरेशनने एक ओळ टाकली टेंडरमध्ये तर अर्धा धागा संपला.

शेवउसळ_जादा_तर्री
नवरात्रीच्या गरब्यालाही टाका ती ओळ. एकेका ग्राउंडवर हजारोंनी लोक, आणि बाहेर पडायला पाहावं तर पार्किंगवाला दोर बांधून बसलेला.

मांजलपूरची_मीनल
मागणी कोण तयार करणार पण? शिकलेली माणसंच नाहीत म्हणून अट टाकत नाहीत, आणि अट नाही म्हणून कोणी शिकत नाही, असंच चालू द्यायचं का अजून एक हरणी होईपर्यंत?

रोकडा_हिशोब
तयार करा ने, पण सरकारी कॉलेजात, कमी फीत. माझा विरोध एवढाच आहे, शेवटी सरांच्या बाजूलाच आलो बघा.

शियाबाग_मामा
बापरे, बरंच झालं. सगळं वाचून दाखवलं घरी. ताई हरणीवर रडली, भाऊजी टेंडरवर खूश झाले. भाचीला गेट चारवाल्याचं पटलं, ती म्हणते एमएसला बीकॉमचा फॉर्म भरून ठेवते, देसरला जाऊन येते, आणि त्याआधी कुठेतरी खरं काम करून बघायचंय, चालवणं जमतंय का ते. क्लोरीन काका, तुमच्याकडे उन्हाळ्यात काही?

क्लोरीन_काका
पाठवा मे मध्ये, बॅचेस फुल असतात, हात कमीच पडतात. पहाटे साडेपाच म्हणजे साडेपाच. आधी आठवडाभर नुसतं सॅम्पल आणि लॉगबुक, मोबाइल लॉकरमध्ये. पोहता येतं ना तिला?

शियाबाग_मामा
येतं. पगार वगैरे काही?

क्लोरीन_काका
साहेब काय देणार, पोहणं फुकट.

रोकडा_हिशोब
बीकॉमचा फॉर्म भरा मामा. लेट फी लागते.