अनुभव धागा: ते नातं मनातून कधी सुटलं?

कोरडवाहू_कारंजा
दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तळाशी स्टीलचा चपटा डबा निघाला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी टाकलेलं नाव, जिच्याशी लग्न करायचं होतं तिच्या आईचं. कॉलेजात असताना ती दारव्ह्याहून शकुंतला रेल्वेनं यायची. एक दिवस डबा माझ्याकडं राहिला, तो राहिलाच. तिच्या घरच्यांनी नोकरीवाला पाहिला, माझ्याकडं पाच एकर कोरडवाहू. तिच्या बापाचं चुकलं असं आज वाटत नाही, पण तेव्हा चार वर्षं मी एकाही स्थळाला हो म्हटलं नव्हतं.

बायकोनं विचारलं, "हे कोनाचं नाव?" लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं, डबा राखेनं लख्ख घासला आणि म्हणाली, "झाकण घट्ट बसते. मेथीचं बी ठेवतो यात." डबा आता चुलीवरच्या फळीवर असतो. नजर पडली तरी छातीत काही होत नाही.

तुमचं कधी सुटलं? लिहा. नसेल सुटलं तरी लिहा.

मूर्तिजापूरवाला
शकुंतला वाचली अन् थांबलोच. अडीच फुटी रूळ! वऱ्हाडातला कापूस मुंबईकडं धाडायसाठी इंग्रजांच्या काळात टाकलेली लाईन, स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्याच मालकीची राहिली. आमच्या आजीचं माहेर त्या लाईनवर होतं. गाडी गेली तशी तिची माहेरची वाटच गेली. आता रुळात बाभळी वाढल्या. माफ करा भाऊ, विषय सोडून लिहिलं. डब्याचं फार भिडलं.

मशीनवाली_ताई
माझी फारकत झाली तेव्हा मी सव्वीसची. मंगळसूत्र मोडाले सोनाराकडं गेली. त्यानं आधी दोरा कापून काळे मणी बाजूला केले, वाट्या काट्यावर ठेवल्या, अन् मणी कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात परत दिले. पैशात शिलाई मशीन आली, पिको-फॉलची पण आली. पण ती पुडी! फेकवेना अन् ठेववेना. दोन वर्षं देवाऱ्यामागं होती.

मग भाचीनं भुलाबाईची मूर्ती मांडली. भुलाबाईचा गळा रिकामा, पोरगी माळ माग माग मागे. मी पुडी सोडली अन् तिच्यासमोर बसून एकेक मणी ओवला. कोजागिरीच्या रात्री अंगणात पोरी गाणी म्हणत होत्या, खिरापत ओळखत होत्या, अन् माझे मणी भुलाबाईच्या गळ्यात. त्या रात्री मले सरळ झोप लागली, सकाळी मायनं उठवलं तेव्हाच जाग आली.

दर्यापूरची_सून
ताई 🙏 पोळ्या टाकता टाकता वाचून राहिली, एक करपली.

कोरडवाहू_कारंजा
मशीनवाली ताई, तुमचं मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणते, ताईचं गाव सांगा, ब्लाऊज तिथूनच शिवतो.

मशीनवाली_ताई
तिवसा तालुका. या वयनीला घेऊन, चहा पिऊन जा.

तालुका_कोर्ट
मी वकिली करतो म्हणून लिहितो. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या फारकतीवर विसंबू नका, पुढच्या लग्नाच्या वेळी त्रास होतो. दोघं किमान १ वर्ष वेगळे राहत असाल तर हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम १३-ब खाली संमतीनं अर्ज करता येतो. त्यानंतर ६ महिने थांबायचं असतं, पण परिस्थिती पाहून कोर्ट ही मुदत माफ करू शकते, असं सुप्रीम कोर्टानं २०१७ मध्ये सांगितलं आहे. आमच्याकडं येणाऱ्या कितीतरी बाया हे माहीत नसल्यानं वर्षानुवर्षं अधांतरी राहतात. जीव तुटतो.

तूर_फुलली
माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. वारस नोंद केली. नवा सातबारा हातात आला तर त्यांचं नाव कंसात. खोडलेलं नाही, कंसात. तलाठ्याच्या पायरीवर बसून रडली. तेरवीलेही एवढं रडली नव्हती.

मागच्या साली माझ्या सासूनंच माझ्यासाठी माणूस पाहिला. "मी हाव तवर तुहं लावून देतो," म्हणे. सासू आमच्याकडंच राहते. जुने फोटो भिंतीवर तसेच हायेत, नव्या मालकांनी स्वतः खिळा पक्का करून दिला.

दर्यापूरची_सून
तुमच्या सासूबाईच्या पाया पडावंसं वाटते.

वावरातला_पोरगा
माझं ताजं आहे. एप्रिलात तिचं लग्न झालं. गाव एकच, पत्रिका घरी आली. पंगतीत वाढाले मीच. वांग्याची भाजी वाढत होतो, तिचा काका म्हणे "टाक अजून", तर पळी हातात थरथरली, रस्सा पत्रावळीबाहेर. वावरात जायचा रस्ता तिच्या दारावरूनच. दिवसातून दोनदा. सुटन कसं?

तूर_फुलली
लेका, जेवण टाळत जाऊ नको. बाकी मागून.

मशीनवाली_ताई
दुसरा रस्ता नाही का रे?

वावरातला_पोरगा
पांदण आहे वरच्या अंगानं. पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो म्हणून कोणी जात नाही. आता वाळली असन.

कोरडवाहू_कारंजा
मग उद्या पांदणीनं जा. लांब पडलं तर पडू दे. वेचणी झाली का?

वावरातला_पोरगा
नाही ना दादा. बोंडं फुटून लोंबून राहिली, बाया भेटूनच नाही राहिल्या.

कोरडवाहू_कारंजा
सोमवारी मी अन् वयनी येतो. भाकरी आमची, ठेचा तू आण.