'स्टोइक' हा शब्द 'स्टोन'वरून आला का?

चौकस: आमच्या वाचनगटात सध्या मार्कस ऑरेलियस, म्हणजे रोमचा स्टोइक पंथातला तत्त्वज्ञ सम्राट, चालू आहे. एकजण म्हणाला, दगडासारखा निर्विकार तो स्टोइक, म्हणजे शब्द 'स्टोन'वरूनच आला. ऐकायला पटतं, पण खात्री वाटेना. कुणाला माहीत आहे?

पायवाट: 'स्टोन'चा काही संबंध नाही. मूळ ग्रीक शब्द 'स्तोआ'. मागे भिंत, पुढे खांबांची रांग, वर छप्पर. देवळातली ओवरी डोळ्यांसमोर आणा. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे भर बाजारचौकाच्या, उत्तर कडेला अशी एक स्तोआ होती. तिच्यात मॅरेथॉनची लढाई, ट्रॉयचा पाडाव अशी चित्रं लावलेली, म्हणून ती 'स्तोआ पोइकिले', चित्रांची ओवरी. सायप्रसमधल्या किटिऑनचा झेनो, या पंथाचा संस्थापक, इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास तिथे येरझारा घालत शिकवायचा. शिष्यांना आधी त्याच्या नावावरून 'झेनोनियन' म्हणत. पुढे जागेचं नाव चिकटलं ते कायमचं.

मला ही जागाच फार मोलाची वाटते. प्लेटोची अकादमी वेशीबाहेर, दुसरा तत्त्वज्ञ एपिक्युरस शिकवायचा ती बाग त्याच्या स्वतःच्या मालकीची. झेनो मात्र गावाच्या मधोमध, सार्वजनिक ओवरीत. अथेन्सला गेलात तर एड्रियानू रस्त्यावरून जरूर बघा. १९८१ साली अमेरिकन उत्खननात तिचं पश्चिम टोक सापडलं. कठड्यावरून वाकलं की रस्त्याच्या बऱ्याच खाली पायऱ्या दिसतात, आणि अगोराचा बाकी भाग रेल्वेरुळांच्या पलीकडे राहतो. अनेकजण अगोरातली अट्टालोसची अखंड स्तोआ बघून तीच ही समजतात. ती वेगळी, १९५० च्या दशकात पुन्हा बांधलेली.

चौकस: मग 'निर्विकार' हा अर्थ कुठून चिकटला?

पायवाट: त्यांच्या शिकवणीतून, पण अर्धीच उचलून. भय, हाव, शोक हे विवेक सुटल्यामुळे होणारे क्षोभ, ते मुळातून जायला हवेत, असं ते म्हणत. शहाण्या माणसाला आनंद असतो, हेही त्यांचंच म्हणणं. इंग्रजी बोलण्यात पहिलं तेवढं उरलं. तुमच्या गटाला हे आवर्जून सांगा, नाहीतर ऑरेलियस उगाच कोरडा वाटेल.

धातुपाठ: एक भर. 'स्तोआ'चं मूळ 'उभं राहणे' या अर्थाच्या धातूत मानतात, म्हणजे आपला संस्कृत 'स्था'. त्यामुळे 'स्थितप्रज्ञ'मधला 'स्थित' हा 'स्टोइक'चा लांबचा भाऊबंद ठरतो. पण त्यावरून गीतेतून ग्रीसला विचार गेला असं कुणी काढू नये. ओवरीतले खांब उभे असतात, एवढाच तो धागा.