मदत हवी आहे: 641 नेमका सापडला कसा?

माझी लेक अकरावीत आहे आणि दोन दिवस आम्ही दोघी 4,29,49,67,297 पाशी अडकलोय, म्हणजे 2 चा 32 वा घात अधिक 1. फर्मा या गणितज्ञाला ही मूळ संख्या वाटली होती पण 1732 मध्ये ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने दाखवलं की हिला 641 ने भाग जातो. लेकीने वहीत अख्खा भागाकार मांडला, उत्तर 67,00,417 आणि बाकी शून्य, काय खूश झाली! आता या संख्येच्या कुठल्याही मूळ अवयवाला 64 ने भागलं की बाकी 1च उरते म्हणे, म्हणून 193, 257, 449, 577 तपासले की पुढचा थेट 641च, पण असं का होतं? फर्माचं छोटं प्रमेय (p मूळ संख्या असेल आणि a ला p ने भाग जात नसेल, तर a च्या p-1 व्या घाताला p ने भागलं की बाकी 1 उरते) लेकीला येतं, तिथून पुढची पायरी कुणी सोप्या भाषेत सांगेल का प्लीज?