अमेरिकेचं यादवी युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी की गुलामगिरीवरून?

रिचमंडची आई:
नमस्कार. आम्ही व्हर्जिनियात राहतो, मुलगा आठवीत आहे. शेजारचे आजोबा त्याला सांगतात की 1861 चं युद्ध राज्यांच्या हक्कांसाठी झालं, गुलामगिरी फक्त निमित्त. शाळेत बाईंनी उलट शिकवलं. तो मला विचारतोय. नीट समजावून सांगेल का कोणी?

सातारचे मास्तर:
ताई, आयुष्यभर इतिहास शिकवला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. राज्यांचा हक्क म्हणजे कशाचा हक्क, हे त्या आजोबांना विचारा. पळालेल्या गुलामांना पकडून देण्याचा 1850 चा कायदा केंद्राचा होता, आणि तो गुलामगिरी असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांनीच मागून घेतला होता. पकडलेल्या माणसाला स्वतःची साक्षसुद्धा देता येत नसे. त्याला आसरा देणाऱ्याला हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. 1854 मध्ये पळून आलेल्या अँथनी बर्न्स या गुलामाला बोस्टनच्या भर रस्त्यातून सैनिकांच्या पहाऱ्यात बंदरावर नेलं. लोक दुतर्फा उभे राहून धिक्कार करत होते. पुढे त्याला तुमच्याच रिचमंडमध्ये, लंपकिन या गुलामांच्या व्यापाऱ्याच्या तुरुंगात महिनोन्‌महिने बेड्या घालून डांबलं.

आपल्या हद्दीत हे चालू नये म्हणून उत्तरेतल्या राज्यांनी स्वतःचे कायदे केले. तेव्हा मात्र राज्यांचा हक्क दक्षिणेला खुपला! डिसेंबर 1860 मध्ये संघराज्यातून फुटून निघताना दक्षिण कॅरोलिनाने कारणं जाहीर केली, त्यात त्या राज्यांची नावं घेऊन हीच तक्रार आहे. मिसिसिपीच्या जाहीरनाम्यात तर सुरुवातीलाच येतं की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. मुलाला हे दोन्ही कागद वाचायला द्या.

विदर्भाचा कापूस:
मास्तर, पण उत्तर काही गुलाम सोडवायला लढायला उतरली नव्हती. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, असं लिंकन मार्च 1861 च्या भाषणात स्वतः म्हणाले होते.

सातारचे मास्तर:
बरोबर. भांडण पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी येऊ द्यायची की नाही याचं होतं, कॅन्ससमध्ये त्यावरून 1856 मध्येच रक्त सांडलं. उत्तर लढली ती आधी संघराज्य टिकवायला, गुलामांच्या मुक्तीचा जाहीरनामा आला 1863 मध्ये. पण दक्षिण का फुटली, हा प्रश्न वेगळा. तेव्हा जवळजवळ 40 लाख माणसं गुलामीत होती, आणि मालकांच्या दृष्टीने ती संपत्ती होती.

वसईकर:
देशाआधी चर्च फुटली, हेही मुलाला सांगा. जॉर्जियाचे बिशप अँड्र्यू यांच्याकडे गुलाम होते, त्यावरून 1844 मध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथात फूट पडली. पुढच्याच वर्षी बाप्टिस्ट पंथातही तशीच फूट पडली. दोन्हीकडचे बायबल एकच वाचत होते, याचं मला फार वाईट वाटतं.

रिचमंडची आई:
मनापासून आभार. लंपकिनचा तुरुंग नक्की कुठे होता?

सातारचे मास्तर:
शॉको बॉटममध्ये, मेन स्ट्रीट स्टेशनजवळ. लंपकिनची विधवा मेरी आधी त्याचीच गुलाम होती. तिने 1867 मध्ये ती जागा मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शाळेला भाड्याने दिली. मुलाला घेऊन जाऊन या.